डुक्कर निसटले, किस्सा उरला; पण पिकाचे काय?

भुईमुगाला आऱ्या सुटल्या, मक्याची कणसं दुधात आली आणि भाताने पोटरी धरली, की आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागात दोन गोष्टी हटकून सुरू होतात. एक म्हणजे रानडुकरांचा धुमाकूळ आणि दुसरी म्हणजे डुकराच्या शिकारीच्या गप्पा. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, कुठल्याही तालुक्यातल्या गावात संध्याकाळी पारावर किंवा दूध संस्थेच्या कट्ट्यावर जरा टेका. पीकपाण्याची चौकशी निघते, तिथून गाडी डुकरावर येते आणि डुकरावरून कोण कसा पळाला यावर येते. तासभर हसून हसून लोकांची पोटं दुखतात. आणि सकाळी शेतात जावं, तर निम्मं रान उकरलेलं.

कृषी खात्यात विस्ताराचे काम करताना असे किस्से भरपूर कानावर येतात. नुकसानीच्या पाहणीला गेलं, की शेतकरी आधी उकरलेल्या सऱ्या दाखवतो आणि मग चहा पिताना किस्सा सांगतो. या किश्श्यांकडे नुसती करमणूक म्हणून बघू नये. डुकराची सगळी रीत त्यात सापडते आणि माणसाचे कुठे चुकते तेही सापडते. शिवाय गावात कुठले किस्से मोठ्याने सांगितले जातात आणि कुठले दाबले जातात, हे नीट पाहिले तर या प्रश्नाचे मूळ हाती लागते.

कोरभर भाकरी

पश्चिमेकडच्या एका वाडीतला हा किस्सा. दोघे मेहुणे भुईमुगाच्या राखणीला बांधावर बसले होते. थोरल्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक. दोघांच्या मध्ये भाकरी आणि सुकटीची चटणी बांधलेलं फडकं. मध्यरात्र उलटली, थोरल्याला डुलकी लागली. जरा वेळाने शेजारून मचमच आवाज यायला लागला. थोरला डोळे न उघडताच म्हणाला, "आरं, एकटाच खातोस व्हय? मला बी दे की कोरभर." आणि हात पुढं केला. हाताला भाकरीऐवजी तारेच्या ब्रशासारखे राठ केस लागले. मेहुणा तर केव्हाच लघवीला म्हणून पलीकडच्या बांधावर गेलेला! थोरला एकीकडे पळाला, डुक्कर दुसरीकडे पळालं, फडकं डुकराबरोबर गेलं. "राखणीला शेवटी बंदूकच तेवढी राहिली," असे मेहुणा आजही सांगतो आणि थोरला निमूट ऐकून घेतो.

यात शिकण्यासारखे काय? डुकराची नजर अधू असते, पण नाक आणि कान फार तिखट. जमिनीखालची शेंग आणि नुकतंच टोकलेलं बियाणं ते वासावर शोधते. वारा माणसाकडून डुकराकडे वाहत असेल, तर राखणदार बसल्याची बातमी त्याला आधीच मिळते आणि ते दुसऱ्या बांधाने पिकात शिरते. वारा उलटा असेल आणि माणूस हलत नसेल, तर ते अगदी अंगाजवळ येऊन ठेपते. म्हणजे बांधावर बंदूक घेऊन बसणाऱ्याच्या नशिबी दोनच गोष्टी येतात. एक तर डुक्कर दिसतच नाही, नाहीतर दिसते तेव्हा ते इतके जवळ असते की बंदूक उचलायचे भान राहत नाही.

जाळ्यात सापडला रेडा

दुसरा किस्सा जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेला, हाक्याचा. पूर्वी गावेच्या गावे हाका घालायची. एका बाजूने हलगी, डबडी, आरडाओरडा. दुसऱ्या बाजूला ओढ्याच्या तोंडाशी वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं लावून दबा धरून बसलेली माणसं. एकदा असाच हाका सुटला. झाडीत धडाधड आवाज झाला, करवंदीच्या जाळ्या हलल्या, कुणीतरी ओरडलं, "आलं रं आलं, लई मोठं हाय!" जाळ्याजवळच्या माणसांनी एवढ्या आकाराचं डुक्कर कधी पाहिलं नव्हतं. निम्मे लोक झाडावर चढले. जाळं तुटायच्या बेताला आलं. धूळ खाली बसल्यावर पाहतात, तर आत गावातलाच चरायला सोडलेला रेडा. डुकरांचा कळप मागच्या मागे हाकेकऱ्यांच्या पायांतून निघून गेला होता. रेड्याच्या मालकाने जाळ्याचे पैसे द्यावेत, की जाळेवाल्यांनी रेड्याच्या औषधपाण्याचे, यावर पुढे दोन दिवस पंचाईत चालली.

डुक्कर माणसाच्या सोयीने समोर पळत नाही. कळपाची पुढारी असते ती वयस्क मादी. ती आवाजाचा अंदाज घेते, थांबते आणि जिथे माणसांमध्ये फट दिसेल तिथून मागे फिरते. अनुभवी हाकेकरी हे जाणून असत. आज गावात ती माहितगार माणसं राहिली नाहीत, राहिली ती हलगी आणि हौस.

डुकरावरची वरात

तिसरा प्रकार ऊसपट्ट्यात जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळतो. फडाची तोड शेवटच्या चार सऱ्यांवर आली, की पोरं काठ्या, कोयते घेऊन भोवती कडं करतात, कारण दिवसभर मागे सरकत आलेलं डुक्कर आता त्या चार सऱ्यांतच आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका गावात असंच कडं झालं होतं. एकजण पाय फाकवून, काठी उगारून अगदी तोंडाशी उभा. डुक्कर सुटलं ते थेट त्याच्या दोन पायांमधून! गडी उलट्या तोंडाने डुकराच्या पाठीवर. आठ-दहा पावलं वरात निघाली आणि मग पाटाच्या चिखलात समाप्त झाली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "लग्नात घोडं मिळालं न्हाई म्हणून रुसला हुता न्हवं? झाली आता हौस?"

ऐकायला गंमत आहे. पण पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास भरतो, आणि त्याचे सुळे म्हणजे परजलेला विळा. तो मान वर झटकून मारतो, त्यामुळे जखम मांडीला किंवा पोटाला होते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली, तर दवाखान्यापर्यंत माणूस पोचेलच याची खात्री नाही. ज्याची वरात निघाली तो वीतभर अंतराने वाचला, म्हणून तो विनोद झाला. कोंडलेले जनावर अंगावर येते, हा साधा नियम आहे. म्हणून तोड करताना शेवटच्या सऱ्यांना कडं करू नये. गावाकडच्या बाजूने तोड सुरू करून ओढ्याकडची किंवा रानाकडची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे जनावर आपल्या वाटेने निघून जाते. त्या सऱ्यांत डुक्करच असेल असेही नाही. कित्येकदा बिबट्याची पिल्लंही निघतात.

दोन हिरवे दिवे

चौथा किस्सा गव्याचा. चौघे बॅटरी घेऊन रात्री डुकराच्या मागावर निघाले. बॅटरीचा झोत टाकला तर दोन हिरवे डोळे चमकले, पण ते माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. "झाडावर बिबट्या हाय," एकजण कुजबुजला. दुसऱ्याने झोत जरा खाली केला. झाड म्हणून जे वाटत होतं, त्याला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातलेले चार पाय होते. गवा! चौघांतला म्हातारा मोठा धोरणी. त्याने बॅटरी विझवली, हात जोडले आणि म्हणाला, "चालू द्या देवा तुमचं, आमी सहज आलो हुतो." चौघे मागच्या पावली निघाले, ते थेट गावच्या वेशीत येऊन थांबले.

म्हाताऱ्याने केले ते शंभर टक्के बरोबर. गवा सहसा वाट सोडून उगाच अंगावर येत नाही. आरडाओरडा, पाठलाग आणि गर्दी झाली की बिथरतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात गवा शिरला तेव्हा काय झाले हे सर्वांनी पाहिले. बघ्यांची झुंबड, धावपळ, आणि पकडल्यानंतर थोड्याच वेळात ते जनावर मेले.

मशीनगन विरुद्ध इमू

"एवढी फजिती होते कारण आमच्याकडं हत्यारं न्हाईत. सरकारनं बंदुकवाले पाठवावेत, चार दिवसांत डुक्कर साफ," असे पुष्कळ शेतकरी म्हणतात. त्यांनी ऑस्ट्रेलियातली एक खरी घडलेली हकीकत जरूर ऐकावी.

इमू म्हटल्यावर आपल्याकडच्या काही जणांना इमूपालनात बुडालेले पैसे आठवतील. तो इमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅम्पियन भागात सुमारे वीस हजार इमू गव्हाच्या शेतांत उतरले. तिथले बरेच शेतकरी पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. गव्हाचे भाव पडलेले, त्यात हे संकट. त्यांनी थेट संरक्षणमंत्र्यांकडे मशीनगनची मागणी केली आणि ती मंजूरही झाली. मेजर मेरेडिथ नावाचे अधिकारी, दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या अशी फौज नोव्हेंबरात दाखल झाली.

पहिल्याच दिवशी इमू लहान लहान टोळ्या करून पांगले आणि गोळीच्या टप्प्याबाहेर गेले. मग एका बंधाऱ्याजवळ दबा धरला. हजारभर इमू समोर आले आणि डझनभर पडतात न पडतात तोच बंदूक अडकली. त्यानंतर बंदूक ट्रकवर चढवली. ट्रक इमूला गाठू शकेना, आणि खडबडीत रानात तो इतका उसळायचा की नेमबाजाला गोळीच झाडता येईना. आठवड्यात मोहीम गुंडाळली, टीका झाल्यावर पुन्हा सुरू केली, डिसेंबरात ती कायमची थांबली. मेजरसाहेबांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे ९८६ इमूंसाठी ९,८६० गोळ्या खर्च झाल्या. म्हणजे एका पक्ष्याला दहा. पुढे १९३४, १९४३ आणि १९४८ मध्ये शेतकऱ्यांनी पुन्हा सैन्य मागितले, तेव्हा सरकारने नकार दिला. शेतकऱ्यांना मारलेल्या इमूमागे बक्षीस आणि शेवटी मजबूत कुंपण, या वाटेने तो प्रश्न आटोक्यात आणावा लागला.

आपली हलगी आणि त्यांची मशीनगन, फजिती मात्र एकच. जनावर मोकळ्या रानात असते, त्याला वाटा माहीत असतात, आणि त्याला घाई नसते.

आपल्या देशातही बंदुकीचा प्रयोग होऊन गेला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय, म्हणजे विदर्भातला रोही, आणि रानडुक्कर यांना वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर केले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. त्यावरून केंद्रातलेच दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, जाहीरपणे आमनेसामने आले. नीलगाय उघड्या माळावर दिवसा दिसते, म्हणून तिथे नेम धरता आला. आपले डुक्कर दोन पुरुष उंचीच्या उसात राहते आणि रात्री बाहेर पडते. केरळने मे २०२२ मध्ये पिकात येणारे डुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार पंचायतीच्या प्रमुखांकडे सोपवले. परवानगी गावातच मिळू लागली ही चांगली सोय झाली. पण कागद हातात आला तरी रात्री उसाच्या कडेला उभे राहून नेम धरणारा माणूस लागतोच. आपल्या गावांत परवान्याच्या बंदुका थोड्या, त्या बाळगणारे बहुतेक साठीच्या पुढचे. त्यात निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. आचारसंहिता डुकरांना कुणी कळवत नाही.

आणि पाच-दहा मारून भागतही नाही. मादी साधारण चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेतात चार-सहा पिल्लं देते. उसाच्या फडात तिला अन्न, पाणी, सावली आणि लपण सगळे एकत्र मिळते.

जे किस्से कुणी सांगत नाही

आता मुद्द्याची गोष्ट. पारावर जे किस्से रंगतात ते सगळे फसलेल्या शिकारीचे असतात. शिकार साधल्याचे किस्से सहसा ऐकू येत नाहीत, कारण अलीकडे ती ज्या मार्गाने साधली जाते तो मार्ग पारावर सांगण्यासारखा नसतो. तो मार्ग म्हणजे विजेची तार आणि गावठी बॉम्ब.

रात्री मोटारीच्या पेटीतून किंवा वरून जाणाऱ्या लाईनवर आकडा टाकून बांधालगत तार सोडायची, सकाळी काढून घ्यायची. डुक्कर त्या तारेला लागते हे खरे. पण ती तार डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही. पहाटे पाणी पाजायला आलेला शेजारी, वैरणीला आलेली बाई, खेकडे धरायला गेलेली पोरं, कुणाचाही पाय पडू शकतो. कित्येकदा तार सोडणाराच सकाळी ती काढायला विसरतो आणि स्वतःच्याच शेतात जातो. दर हंगामात राज्यात कुठे ना कुठे अशी बातमी येते. तिच्यात हसण्यासारखे काहीही नसते.

घरच्या लाईनचा २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो. तो अंगातून जाताना स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही, आणि ओली जमीन असेल तर काम तमाम होते. सौर कुंपणाच्या यंत्राचा झटका वेगळा असतो. त्यात व्होल्टेज मोठे असले तरी झटका सेकंदाला साधारण एकदाच आणि क्षणाच्या बारीक भागापुरता बसतो. जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. "तार ती तारच" असे म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजणे जिवावर बेतते.

गावठी बॉम्बची गोष्ट याहून वाईट. पिठात किंवा मांसात गुंडाळलेला तो गोळा डुकराने चावावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो गाय-म्हैस चावते आणि जबडा फुटतो, नाहीतर कुत्रं तो तोंडात धरून घराच्या अंगणात आणतं. मे २०२० मध्ये केरळातल्या पालक्काड जिल्ह्यात डुकरांसाठी ठेवलेल्या अशाच स्फोटक फळाने एक गाभण हत्तीण नदीत उभ्या उभ्या मेली. देशभर हळहळ झाली. आपल्या शिवारात जबडा फुटलेल्या गाईची मात्र बातमीही होत नाही.

कायदा काय म्हणतो

आपला जिल्हा शिकारीच्या शौकाचा. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करवत. दाजीपूरचे जंगल संस्थानच्या शिकारीचे राखीव रान होते, तेच १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुढे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेची शिकार करण्याची सोयही बंद झाली. तरी अजून पुष्कळांची समजूत अशी, की जनावर मेले तरच गुन्हा. तसे नाही. कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात मारणे तर आहेच, पण विष घालणे, फास किंवा सापळा लावणे, धरण्यासाठी हाकणे, आमिष ठेवणे आणि यांतले काहीही करण्याचा नुसता प्रयत्नही आहे. म्हणजे शिकार फसली, रेडा जाळ्यात सापडला, तरी गुन्हा होतोच. पिकातून जनावर ओरडून, डबडी वाजवून हुसकावणे वेगळे आणि मारण्यासाठी घेरून हाका घालणे वेगळे, हा फरक लक्षात ठेवावा.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. गवा, बिबट्या, मोर हे अनुसूची एकमध्ये आहेत. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला कैद किमान तीन आणि कमाल सात वर्षे. चोरून वीज घेतल्याचा गुन्हा वेगळा. आणि तारेला लागून माणूस दगावला, तर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहू शकतो. मग शेत विकून वकील करावा लागतो. भुईमुगाचे चार गुंठे वाचवण्यापायी ही किंमत कुणाला परवडणार?

शेतकऱ्याच्या बाजूनेही कायद्यात तरतुदी आहेत, त्या माहीत करून घ्याव्यात. अनुसूची दोनमधले जनावर उभ्या पिकाला धोकादायक ठरले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. आपल्या राज्यानेही २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही पद्धत सोपी करणारा निर्णय काढला. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करायचा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर जखमी झाले किंवा मेले, तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तो माणूस स्वतःच बेकायदा काम करत असता कामा नये. आणि कुठल्याही मार्गाने मेलेले जनावर ही सरकारी मालमत्ता. ते वाटे घालून घरोघर पोचवले, तर परवानगीवाल्यालाही कायदा सुटत नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, नुकसानीची नोंद. पुष्कळ शेतकरी "कशाला हेलपाटे" म्हणून अर्जच करत नाहीत. हेलपाट्यांची तक्रार खोटी नाही. फोटो, सातबारा, पंचनामा, पुन्हा सही, आणि हाती येणारी रक्कम पाहिली की माणूस वैतागतो. त्याच वैतागातून तार सोडली जाते, हे वरच्या अधिकाऱ्यांनीही समजून घ्यायला हवे. पंचनामा वेळेत होऊन भरपाई हंगाम संपायच्या आत मिळाली, तर तारा आपोआप कमी होतील. पण अर्जच नसेल, तर कागदोपत्री गावात डुकराचा त्रासच नाही असे ठरते. म्हणून नुकसान दिसल्यावर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट, पीकविमा. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीच्या गटात घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत विम्याच्या ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकून कळवायचे आहे. कुठले प्राणी आणि कुठले भाग त्यात धरायचे, ते राज्याने पूर्वीच्या नुकसानीच्या नोंदींवरून ठरवायचे आहे. वरचा मुद्दा इथेच येऊन भिडतो. ज्या गावाने आजवर अर्ज केले नाहीत, त्या गावाच्या नोंदी कुठून येणार? विमा अधिसूचित पिकालाच मिळतो, हेही विसरू नका. आपल्या मंडळात कुठली पिके आहेत ते हप्ता भरण्याआधी पाहा.

तिसरी गोष्ट, कुंपण आणि तेही गटाने. एकट्याने कुंपण केले, की डुक्कर शेजाऱ्याकडे जाते आणि भांडण बांधावर येते. पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून सलग पट्ट्याला सौर कुंपण केले, तर खर्च वाटला जातो आणि राखणही. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून कुंपणासाठी अनुदान मिळते. आपले गाव यादीत आहे का याची चौकशी वनखात्याच्या कचेरीत करावी. डुक्कर खालून घुसते, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच असावी. तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जाऊन वाया जातो, तेव्हा तारेखालची पट्टी भांगलून स्वच्छ ठेवणे आलेच. यंत्र खात्रीचे घ्या. घरच्या लाईनवर जोडून देतो म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका.

चौथी गोष्ट पीकरचनेची. रब्बी-उन्हाळी भुईमुगाच्या कडेने काटेरी करडईच्या आणि मक्याच्या कडेने एरंडाच्या दाट ओळी लावण्याची शिफारस आहे. करडई टोचते, एरंड डुकराला आवडत नाही आणि त्याच्या उग्र वासात आतल्या पिकाचा वास दबतो. याने शंभर टक्के बंदोबस्त होत नाही, पण कुंपणाच्या जोडीला उपयोग होतो. ओढ्याकाठचा पाडून ठेवलेला खोडवा आणि माजलेली झुडपं ही डुकरांची घरं आहेत. ती साफ केली तर निम्मा त्रास दूर सरकतो.

ही सगळी कामे पेरणीच्या आधी व्हायला हवीत. कणसं भरल्यावर धावाधाव करून कुंपण होत नाही. तेव्हा उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत हा एक विषय पत्रिकेवर घ्या. वनरक्षक, वीज कंपनीचा वायरमन, पोलीस पाटील आणि कृषी खात्याचा माणूस यांना त्या दिवशी बोलवा. मागच्या हंगामात कुणाच्या शेतात किती वेळा डुक्कर आले, त्याची यादी करा, आणि गावाच्या शिवारात कुणीही लाईनची तार सोडणार नाही असा ठराव सगळ्यांच्या सह्यांनिशी घ्या. पोलीस आणि वनखाते बाहेरून येऊन रोज रात्री शिवार तपासू शकत नाहीत. तार कोण सोडतो, हे गावाला मात्र माहीत असते. ते माहीत असून गप्प राहिलो आणि उद्या शेजारचे पोर गेले, तर त्या रात्रीचा किस्सा कुठल्याच पारावर सांगता येणार नाही.